नवी मापनी बनवायची, की असलेलीच मराठीत आणायची?

पीएच.डी.चा सिनॉप्सिस लिहायला बसलं की मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यापुढे हा प्रश्न हमखास उभा राहतो. विषय ठरलेला असतो. समजा, पुण्यातल्या पेठांमध्ये राहून एमपीएससीची तयारी करणाऱ्या मुलामुलींचा ताण. हा ताण मोजायचा कशाने? बाजारात मिळणारं तयार स्केल, म्हणजे मापनी (गुण देता येतील अशी प्रश्नावली) घ्यायचं, इंग्रजीतलं नावाजलेलं स्केल रीतसर मराठीत आणायचं, की स्वतःचं नवं बनवायचं?

बरेच गाईड तिसऱ्या पर्यायाकडे ढकलतात. ‘टूल कन्स्ट्रक्शन’ प्रबंधात वजनदार दिसतं, आणि स्वतःच्या नावाचं स्केल कुणाला नको असतं! माझं मत आधीच सांगून टाकते: बहुतेकांनी दुसरा पर्याय निवडावा. नव्या मापनीचा खटाटोप करायला एकच कारण मला पटतं. तुमच्या लोकांच्या बोलण्यात असं काहीतरी सापडलं पाहिजे, जे असलेल्या कुठल्याच स्केलमध्ये बसत नाही आणि जे मोजलं नाही तर तुमच्या संशोधन-प्रश्नाचं उत्तरच चुकतं.

हरारे आणि गोवा

नवी बनवणं आणि असलेली वापरणं, दोन्ही एकाच संशोधकाने केलेलं पाहायचं असेल तर मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल यांचं काम वाचावं. १९९० च्या दशकात ते झिम्बाब्वेत हरारेला काम करत होते. तिथली शोना भाषा बोलणारी माणसं आपल्या मानसिक त्रासाला ‘कुफुंगिसिसा’ म्हणत, म्हणजे फार विचार करत राहणं. पटेल आणि सहकाऱ्यांनी लोक त्रास कसा सांगतात तिथून सुरुवात केली आणि त्यातून ‘शोना सिम्प्टम क्वेश्चनेअर’ तयार केली. १९९७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. एकूण १४ प्रश्न, उत्तर हो किंवा नाही. पुढे डिक्सन चिबांडा यांच्या ‘फ्रेंडशिप बेंच’ या उपक्रमात, जिथे दवाखान्याबाहेरच्या बाकावर आजीच्या वयाच्या आरोग्यसेविका लोकांचं ऐकून घेतात, हीच १४ प्रश्नांची यादी चाळणी म्हणून, म्हणजे कुणाकडे पुढे लक्ष द्यायचं ते निवडायला, वापरली गेली. आणि ‘कुफुंगिसिसा’ २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या अमेरिकी निदान-पुस्तिकेतल्या सांस्कृतिक संकल्पनांच्या यादीत जाऊन बसला.

तेच पटेल गोव्यात मात्र वेगळं करतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्या गटाने गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या रुग्णांवर मानसिक त्रास ओळखायच्या पाच तयार प्रश्नावल्या एकमेकींशी ताडून पाहिल्या: जीएचक्यू-१२, पीएचक्यू, के-१०, के-६ आणि जागतिक आरोग्य संघटनेची एसआरक्यू-२०. कसोटी म्हणून सविस्तर निदान-मुलाखत. पाचही बऱ्यापैकी चालल्या. जीएचक्यू आणि एसआरक्यू पुढे राहिल्या. नवी सहावी प्रश्नावली कुणी बनवली नाही.

असं का? माझ्या समजुतीप्रमाणे दोन ठिकाणचे प्रश्न वेगळे होते. हरारेत विचारायचं होतं की इथली माणसं या त्रासाला काय म्हणतात आणि तो कसा ओळखायचा. गोव्यात विचारायचं होतं की गर्दीच्या ओपीडीत कुठली चाळणी कामाला येते. तुमचा प्रश्न या दोनपैकी कुठल्या जातीचा आहे हे एका वाक्यात लिहून बघा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

तयार स्केल: स्वस्त, पण पुस्तिका उघडून बघा

या पर्यायावर फार वेळ घालवायला नको. मराठीत छापील मापन्या मिळतात, किंमत परवडते, गुणदान-किल्ली सोबत असते. एम.ए.च्या लघुप्रबंधाला चार-सहा महिन्यांत दुसरं काही जमणारही नाही. फक्त पुस्तिकेत तीन गोष्टी शोधा: मापनी कुणावर तपासली, कोणत्या साली, आणि विश्वसनीयतेच्या (गुण किती स्थिर येतात) एका आकड्याशिवाय वैधतेचा (म्हणते तेच मोजते का) काही पुरावा दिलाय का. पुष्कळदा तिसऱ्या ठिकाणी ‘तज्ज्ञांनी मान्य केली’ एवढंच सापडतं.

साल का बघायचं? व्ही. व्ही. कामतांनी बिनेची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली, त्यांचं पुस्तक १९४० चं. नागपूरच्या आर्थर मालिन यांनी वेक्सलरची मुलांची बुद्धिमापनी भारतीय मुलांसाठी बसवली, ती १९६९ ची. दोन्ही कामं आपापल्या काळात मोठीच. पण मानकं ही नाशवंत वस्तू आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मुलांच्या सरासरीशी आजच्या मुलाची तुलना करून त्याच्या कपाळी आकडा चिकटवणं बरं नव्हे. जाता जाता एक गोष्ट लक्षात घ्या, ज्यांना आपण ‘आपल्या’ चाचण्या म्हणतो त्या या दोन्ही मुळात रूपांतरंच आहेत. म्हणजे दुसऱ्या पर्यायाला आपल्याकडे चांगली जुनी परंपरा आहे.

मराठीत आणणं: भाषांतर हा त्यातला छोटा भाग

आता आपल्या एमपीएससीवाल्यांकडे येऊ. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांची ‘परसीव्हड स्ट्रेस स्केल’, म्हणजे जाणवणाऱ्या ताणाची मापनी, १९८३ ची आहे. मूळची १४ विधानांची, पुढे १० ची झाली. गेल्या महिन्याभरात तुम्हाला किती वेळा अमुक वाटलं, असे प्रश्न, प्रत्येकी ० ते ४ गुण, एकूण ० ते ४०. निदानासाठी ती नाहीच, त्यामुळे ‘अमुक गुणांवर म्हणजे आजारी’ अशी रेघ तिच्यात नाही. ताणाची पातळी मोजून ती झोपेशी, अभ्यासाच्या तासांशी किंवा घरच्या परिस्थितीशी जोडायची असेल तर चोख काम करते.

भाषांतराची सर्वमान्य रीत २००० साली बीटन आणि सहकाऱ्यांनी मांडली. दोघांनी स्वतंत्रपणे मराठीत करायचं, त्यातला एक विषय जाणणारा आणि दुसरा न जाणणारा. मग दोन्हींचा एक मसुदा. तो मूळ इंग्रजी न पाहिलेल्या दोघांनी परत इंग्रजीत करायचा. मग समितीची बैठक आणि शेवटी ३० ते ४० जणांवर पूर्वचाचणी. यातलं उलट भाषांतर आपल्याकडे फार लाडकं आहे, कारण त्याचं प्रमाणपत्र प्रबंधाच्या परिशिष्टात जोडता येतं. पण त्यावर विसंबू नका. शब्दाला शब्द ठेवून केलेलं वाईट मराठी उलट भाषांतरात हुबेहूब मूळ इंग्रजी होऊन परत येतं. कोहेनच्या स्केलमध्ये ‘सगळं आपल्या आटोक्यात आहे’ या अर्थाचं एक विधान आहे. इंग्रजीत तो ‘गोष्टींच्या वर असण्याचा’ वाक्प्रचार आहे. ‘मी गोष्टींच्या वर आहे असं वाटलं’ असं मराठी कुणी केलं, तरी उलट भाषांतर अगदी बरोबर येईल आणि अभ्यासिकेतल्या पोराला काडीचा अर्थ लागणार नाही.

खरी तपासणी पूर्वचाचणीत होते, आणि तीही प्रश्नावली वाटून नव्हे तर शेजारी बसून. प्रत्येक विधानानंतर विचारायचं: ‘तुला काय कळलं, तुझ्या शब्दांत सांग. आणि हाच पर्याय का निवडलास?’ पंधरा-वीस जणांशी असं बोललं तरी भाषेतले खड्डे उघडे पडतात. नकारार्थी विधानं हा त्यातला मोठा खड्डा. रोझेनबर्गच्या १९६५ च्या आत्मसन्मान मापनीत दहापैकी पाच विधानं नकारार्थी आहेत. ‘अभिमान वाटावा असं माझ्याकडे फार काही नाही’ हे वाचून मराठी माणूस तोंडाने म्हणतो, ‘हो, नाही ना!’ आणि पेन टेकवतो ते ‘असहमत’वर, कारण त्याच्या मनात ‘नाही’ चालू असतं. दुसरा मनापासून असहमत असतो, पण स्वतःचा अभिमान मिरवणं वाईट दिसेल म्हणून ‘सहमत’ करतो. दोघांचे गुण त्यांच्या मनःस्थितीच्या बरोबर उलट लागतात, आणि सॉफ्टवेअरला यातलं काही दिसत नाही. त्याला फक्त नकारार्थी विधानांचा एक वेगळा घटक (एकत्र चालणाऱ्या विधानांचा गट) दिसतो. मग आपण त्या घटकाला ‘आत्म-अवमूल्यन’ असं भारदस्त नाव देऊन मोकळे होतो.

उत्तराच्या पर्यायांचंही तसंच. ‘निम्म्याहून जास्त दिवस’ हा पर्याय शिकलेल्या माणसालाही बोटं मोडायला लावतो. तोंडी विचारायचं असेल तर पर्याय कमी ठेवावेत. एसआरक्यू-२० मधलं साधं हो-नाही गावात जास्त बरं पडतं.

भाषांतर जमल्यावर आकडेवारी. मूळ स्केलची रचना मराठीतही तशीच उभी राहते का, हे पुष्टीकारक घटक विश्लेषणाने (विधानं ठरलेल्या गटांत बसतात का ते बघणारी संख्याशास्त्रीय रीत) तपासायचं. मुलगे आणि मुली किंवा शहर आणि गाव यांची तुलना करायची असेल तर मापनाची समतुल्यता (मापनी दोन्हीकडे सारखंच मोजते हे) आधी दाखवायची, नाहीतर गुणांतला फरक ताणातला आहे की विधान समजण्यातला, हे सांगता येत नाही.

चाळणी म्हणून वापरायची असेल तर आणखी एक पायरी आहे, आणि ती वगळलेली मी सर्रास पाहते. पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली घ्या. २००१ च्या मूळ अमेरिकी अभ्यासात १० गुणांच्या रेघेवर संवेदनशीलता (खरे रुग्ण पकडणं) आणि विशिष्टता (आजार नसलेल्यांना सोडून देणं) दोन्ही ८८ टक्के आल्या. प्रश्नावली मराठीत आली म्हणून ती रेघ आपोआप सोबत येत नाही. भारतीय किशोरवयीनांवरच्या २०१३ च्या एका अभ्यासात ५ ही रेघ योग्य ठरली होती. शिवाय ८८ टक्के ऐकायला जितके छान वाटतात तितके नसतात. हजार जणांत शंभर जण खरोखर नैराश्यात आहेत असं धरा. चाळणी त्यातले ८८ पकडेल. उरलेल्या ९०० मधले १२ टक्के, म्हणजे १०८ जण, उगाचच अडकतील. एकूण १९६ जणांवर शिक्का, त्यातले निम्म्याहून जास्त चुकीचे. समुपदेशकाला पुढच्या मुलाखतीसाठी नावं काढून द्यायची असतील तर हे चालतं. प्रबंधात ‘इतके टक्के विद्यार्थी नैराश्यग्रस्त’ असं छापायला मुळीच चालत नाही.

पीएचक्यू-९ वापरणार असाल तर नवव्या प्रश्नाचा बंदोबस्त आधी करा. तो जीव देण्याच्या विचारांबद्दल आहे. त्यावर खूण केलेला कागद महिनाभर गठ्ठ्यात पडून राहता कामा नये. तो त्याच दिवशी कोण बघणार, कुणाला कळवणार आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्या मुलाच्या हातात कसा पडणार, हे नीतिसमितीच्या अर्जात लिहा आणि तसं कराही.

परवानगीचा हिशेब वेगळाच आहे. पीएचक्यू-९ मोफत आहे आणि भाषांतराला परवानगी लागत नाही. रोझेनबर्ग संशोधनासाठी मोकळी. बेकची सुधारित नैराश्य मापनी आणि जीएचक्यू मात्र हक्कराखीव, पैसे मोजावे लागतात आणि भाषांतराची परवानगी वेगळी काढावी लागते. गोव्यात पुढे राहिलेल्या दोघींपैकी एकीला कुलूप आहे, हे निवड करताना विसरू नका.

नवी बनवणं: कारण असेल तरच

आता तो मुलगा सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून सांगतोय असं समजा: पूर्वपरीक्षा दोनदा निघाली, मुख्य परीक्षेत अडकतोय, वय पुढे सरकतंय, जाहिरात कधी येईल ठाऊक नाही, गावी जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. कोहेनचं स्केल याचा ताण पकडेल, पण हा ताण कशाने बनलाय ते सांगणार नाही. तुमचा प्रश्न नेमका त्या ‘कशाने’चाच असेल, तर नव्या मापनीला जागा आहे.

विधानं लिहिणं हा यातला सगळ्यात आनंदाचा भाग. ती मुलाखतींतून उचलावीत, पुस्तकातून नव्हे, आणि लागतील त्याच्या दुप्पट-तिप्पट लिहावीत. ‘सामाजिक अपेक्षांमुळे मला दडपण जाणवते’ हे विधान कुणाच्याच तोंडचं नाही. ‘निकालाचं कुणी विचारेल म्हणून मी घरच्या कार्यक्रमाला जाणं टाळलं’ हे आहे. त्यात भूतकाळ ठेवण्याची सोयही बघा. ‘टाळतो/टाळते’ अशी तिरकी रेघ मारावी लागत नाही, ‘टाळलं’ मुलाला चालतं तसं मुलीलाही. मराठी विधानं लिहिताना ही युक्ती फार उपयोगी पडते.

‘वय वाढतंय आणि घरचे लग्नाचा आग्रह धरतात याचा त्रास होतो’ यात दोन प्रश्न कोंबलेत, ते फोडा. (कुणी म्हणेल, पीएचक्यू-९ मध्येही भूक कमी-जास्त एकाच प्रश्नात आहे. आहे खरी. पण तिच्या पाठीशी निदान-मुलाखतींशी ताडलेला पुरावा आहे, तुमच्या पाठीशी अजून काही नाही.)

तज्ज्ञांच्या मतासाठी लॉशेची १९७५ ची रीत आपल्याकडे रूढ आहे. दहापैकी नऊ तज्ज्ञांनी विधान ‘आवश्यक’ म्हटलं तर गुणोत्तर (होकार उणे नकार, भागिले एकूण) ०.८०, आठांनी म्हटलं तर ०.६०, आणि दहा जणांसाठी लॉशेची किमान अट ०.६२. म्हणजे दोघांचा नकार आला की विधान बाद. पण दहाही तज्ज्ञ आपल्याच विभागातले आणि शेजारच्या दोन कॉलेजांतले असतील तर त्या गुणोत्तराला अर्थ किती? निदान तीन-चार जण तरी परीक्षा देऊन बाहेर पडलेले घ्या.

मग नमुना. शोधक घटक विश्लेषणाला (विधानांचे गट शोधायला) तीनेकशे जण, पुष्टीकारकाला वेगळे तेवढेच. एकाच नमुन्यावर आधी रचना शोधायची आणि मग त्याच नमुन्यावर ती ‘सिद्ध’ करायची, हा प्रकार अजूनही प्रबंधांत दिसतो आणि परीक्षकाने सोडू नये. किती घटक धरायचे हे ठरवायला ‘आयगेनमूल्य १ पेक्षा जास्त’ हा नियम सॉफ्टवेअरमध्ये आधीच निवडलेला असतो म्हणून सगळे वापरतात. तो बहुधा जास्तीचे घटक काढतो. हॉर्नने १९६५ मध्येच समांतर विश्लेषण (यादृच्छिक आकड्यांशी ताडून घटकांची संख्या ठरवणं) सुचवलं, आणि आता जामोव्ही किंवा जॅस्पसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते एका टिचकीवर होतं. तीच गोष्ट व्हॅरिमॅक्सची (घटक सुटसुटीत करून दाखवायची एक रीत). ताणाचे घटक एकमेकांशी संबंधित नाहीत असं ते गृहीत धरतं. पैशाची चिंता आणि घरच्यांचं दडपण एकमेकांशी संबंधित नाहीत, असं त्या पोरासमोर म्हणून बघा.

क्रोनबाखच्या अल्फाबद्दलही (विश्वसनीयतेचा रूढ आकडा) एक हिशेब ध्यानात ठेवा. विधानांमधला सरासरी सहसंबंध (दोन गोष्टी किती सोबत बदलतात) अवघा ०.२० असेल, तर १० विधानांची अल्फा ०.७१ येते. तेवढ्याच सहसंबंधाची ३० विधानं घेतली की ०.८८. मापनी सुधारली नाही, फक्त लांबली. आणि ०.९५ च्या वर आकडा आला तर पेढे वाटण्याआधी एकच वाक्य पाच तऱ्हांनी विचारलंय का ते बघा. अल्फा उंच म्हणजे घटक एकच, असंही नाही.

पुनर्चाचणी (त्याच लोकांना तीच मापनी पुन्हा देणं) दोन ते चार आठवड्यांनी घेतात. आपल्या उदाहरणात मधल्या काळात निकाल लागला तर गुण बदलणारच, आणि तो मापनीचा दोष नसेल. आयोगाचं वेळापत्रक बघून तारखा ठरवा.

इथवर येऊन नव्वद टक्के प्रबंध थांबतात असं म्हणायचा मोह होतो, आकडा माझ्याकडे नाही म्हणून ‘पुष्कळ’ म्हणते. खरा प्रश्न यापुढे आहे. ही मापनी तुम्ही म्हणता तेच मोजते कशावरून? क्रोनबाख आणि मील यांनी १९५५ मध्ये, कॅम्पबेल आणि फिस्क यांनी १९५९ मध्ये याचं जे उत्तर दिलं ते आजही चालू आहे: जवळच्या मापनीशी गुण जुळले पाहिजेत, लांबच्यांशी जुळता कामा नयेत. म्हणजे तुमची नवी मापनी सिद्ध करायला शेजारी कोहेनसारखी एक जुनी, मराठीत नीट तपासलेली मापनी लागणारच. दोन्हींचा सहसंबंध ०.९० आला तर परीक्षक विचारेल, मग नवी कशाला? ०.१० आला तर विचारेल, हा ताणच आहे का? मधला आला, आणि कोहेनचे गुण हिशेबात घेतल्यावरही तुमची मापनी झोप किंवा तयारी सोडून देण्याचा विचार यांबद्दल जास्तीचं काही सांगत असेल, तर तुमची मापनी टिकली.

तिसऱ्या पर्यायाच्या पोटात दुसरा पर्याय पूर्णच्या पूर्ण बसलेला आहे, हे सिनॉप्सिस लिहिताना कुणी सांगत नाही. रूपांतर टाळून नवी मापनी बनवता येत नाही. रूपांतर करून, त्यावर आणखी दोन मोठे नमुने गोळा करून ती बनते.

मग कुणी काय निवडावं

एम.ए.ला असाल तर मराठीत आधीच तपासलेलं काही शोधा आणि तेच वापरा. उरलेला वेळ नमुना नीट निवडण्यात घाला.

कॉलेजात किंवा संस्थेत समुपदेशक असाल आणि कुणाला आधी भेटावं एवढंच ठरवायचं असेल, तर एसआरक्यू-२० किंवा पीएचक्यू-९. नवी मापनी बनवायचा विचारही करू नका.

पीएच.डी.त ताण हा तुमच्या दहा चलांपैकी (मोजायच्या गोष्टींपैकी) एक असेल तर रूपांतर. माझ्या अंदाजाने नीट केलं तर सहा-आठ महिने जातात, आणि मूळ स्केल जगभर वापरलेलं असल्याने तुमचे निष्कर्ष इतरांच्या शेजारी ठेवता येतात.

ताण म्हणजे नेमकं काय हाच तुमचा प्रश्न असेल, मुलाखतींचे कागद तुमच्याजवळ आहेत, दीड-दोन वर्षं आणि सहा-सातशे उत्तरदाते मिळण्याची खात्री आहे, तर नवी बनवा. पण छोटी, बारा-पंधरा विधानांची. पहिल्या वर्षात कोहेनचं मराठी रूप पक्कं करा आणि त्याच भेटींत नव्या विधानांसाठीचं बोलणं टिपून घ्या. त्याच अभ्यासिका, तीच मुलं, परवानगीचं पत्रही एकच. वर्षाअखेर कागद वाचताना कोहेनमध्ये न बसणारं काहीच हाती लागलं नाही, तर नवी मापनी सोडून द्या. तोवर तुमच्याकडे एका उत्तम स्केलचं तपासलेलं मराठी रूप असेल आणि प्रबंध त्यावर उभा राहील.